प्रतिसाद: सवय नाही, की नळ नाही?
'मुलांना हात धुवायची सवयच नाही, शिक्षकांनी शिस्त लावावी' हे अर्धंच पटलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सव्वाशे आणि नळ दोन. खिचडीची घंटा झाल्यावर रांगेत थांबणार कोण? चड्डीला हात पुसायचे नि ताटावर बसायचं. शेवटी सरांनी पीव्हीसी पाइपला हात-हातभर अंतरावर भोकं पाडून तो टाकीला जोडला. आता दहा-बारा जण एकदम धुतात. साबणाची वडी रोज गायब व्हायची (निम्म्या कावळ्यांनी नेल्या), ती जुन्या मोज्यात घालून टांगली. सांडपाणी शेवग्याला.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे. हात धुवायच्या जागेचा उल्लेखच नाही. पाइपचा खर्च कशात दाखवायचा, यातच मुख्याध्यापकांचा महिना गेला.