सासूबाईंचा गुडघा बदललाय, व्यायाम करतच नाहीत

पंचवटीची सून: वाड्याचा जिना अंधारा, संडास भारतीय. व्यायाम म्हटलं की "उद्या बघू". काळारामाला मात्र आजच जायचंय! काय करू?

सिडकोकर: आधी कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. उकिडवं बसणं बंद. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. कठडा सोडायचा नाही.

नाशिकरोडची मावशी: गुडघ्याखाली उशी ठेवतात का? बरं वाटतं, पण पाय सरळ व्हायचा राहतो. उशी टाचेखाली हवी. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्यावी का, डॉक्टरांना विचारा. पोटरी सुजून दुखली तर लगेच दवाखाना. आणि तू जेवतेस का गं वेळेवर?

पंचवटीची सून: उशी आत्ताच काढली. रुसल्यात. जेवण... बघते.