मदत हवी आहे: मोठ्यानं वाचता येतील अशा भयकथा आणि नुसतं ऐकून घाबरवतील असे सिनेमे

नमस्कार मंडळी. मी सांगलवाडीची. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात नोकरीला होते आणि गळीत हंगामात बहुतेक वेळा तिसऱ्या पाळीत असायचे. रात्री दोनच्या चहाला चार-सहाजण एकत्र बसायचे. एकजण पुस्तक वाचायचा, बाकीचे ऐकायचे. यंत्रांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडूनच वाचावं लागायचं. नारायण धारपांची एकेक कादंबरी पुरवून पुरवून वाचली जायची आणि सकाळी त्याच उसाच्या फडामधून सायकलवर घरी यायचं. अण्णा म्हणतात, खरी भीती तेव्हा वाटायची.

त्यांची ती पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. 2005 च्या पुरात आम्ही ट्रंक माळ्यावर चढवली आणि वाचवली. 2019 ला कृष्णेचं पाणी त्याहून वर चढलं. परत आलो तेव्हा पुस्तकं फुगून ट्रंकेत घट्ट रुतून बसली होती. पानं चिखलानं एकमेकांना चिकटून प्रत्येकाची वीट झालेली. अण्णांनी त्यातलं एक उन्हात ठेवून आठवडाभर रोज उलटंपालटं केलं. उघडलं नाही ते नाहीच.

आता काचबिंदूमुळे त्यांना छापील अक्षर दिसत नाही. गेल्या दिवाळीपासून रोज रात्री नऊ वाजता मी त्यांना वाचून दाखवते. ऑडिओबुक लावून पाहिलं. वाचणाऱ्यांचे आवाज उत्तम आहेत, पण अण्णांना मध्येच थांबवायचं असतं. "थांब, ते दाराचं परत वाच." फोनमधल्या माणसाला तसं सांगता येत नाही.

म्हणून तुमची मदत हवी आहे. आजवर काय वाचलं ते सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

धारपांची बरीच पुस्तकं साकेत प्रकाशनानं पुन्हा छापली आहेत, त्यामुळे तिथून सुरुवात केली. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, पण मोठ्यानं वाचताना ती कुठेही उसनी वाटत नाही. वाक्यं लहान, माणसं आपल्या ओळखीची, आणि वाईट काहीतरी इतकं हळू आत शिरतं की वाचताना माझाच आवाज आपोआप उतरतो. अडचण एकच: कादंबरी पंधरा-वीस रात्री चालते आणि मधे एखादा खंड पडला की धागा सुटतो. म्हणून मला कथा जास्त हव्या आहेत, अर्ध्या-पाऊण तासात संपणाऱ्या.

रत्नाकर मतकरींचे 'खेकडा' आणि 'मध्यरात्रीचे पडघम' हे संग्रह त्या मापाचे निघाले. त्यांना गूढकथा हाच शब्द शोभतो. रंगभूमीचा माणूस असल्यामुळे असेल, त्यांचे संवाद बोलायला घेतले की लगेच उभे राहतात. अशा कथेचा शेवटचा परिच्छेद आला की मी आधी पाणी पिऊन घेते, कारण तिथे अडखळलं तर सगळं वाया.

पण सगळ्यात जास्त परिणाम झाला तो एका इंग्रजी गोष्टीचा. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ', 1902 ची. मी ती जमेल तशी मराठीत सांगत गेले. मेलेला मुलगा परत यावा म्हणून आई इच्छा मागायला लावते आणि रात्री दारावर थाप पडते, तिथे मी पाटावर बोटांनी टकटक केलं. अण्णांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "उघडू नको." बाहेर काय उभं होतं ते लेखक शेवटपर्यंत दाखवत नाही. अण्णांना हवं ते नेमकं हेच. रक्तामांसाची वर्णनं त्यांना अजिबात आवडत नाहीत.

त्यावरून एम. आर. जेम्स सापडला. हा केंब्रिजमध्ये नाताळच्या सुमारास मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचा, म्हणजे मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेल्या. त्याच्या कथांचे चांगले मराठी अनुवाद कुणी वाचले आहेत का? तोंडी भाषांतर करताना माझी फार दमछाक होते.

आता सिनेमाचं. अण्णांना पडद्यावर हलत्या सावल्यांपलीकडे काही कळत नाही, त्यामुळे भीती आवाजात असायला हवी. 'तुंबाड' मला स्वतःला फार आवडतो, पण तो डोळ्यांचा सिनेमा आहे. तो पाऊस, तो वाडा, ते गर्भगृह मी किती सांगणार? विशाल फुरियांचा 'लपाछपी' (2017) मात्र लागला. उसाच्या फडातलं एकटं घर आणि गरोदर बाई. पाल्याची सळसळ सुरू झाली तसे अण्णा ताठ बसले. म्हणाले, "पाला वाळलाय, तोडणीला आलेला ऊस आहे." पुढचे दोन तास त्यांना माझी गरज लागली नाही.

जुन्यापैकी 'महल' (1949) लावला होता. 'आएगा आनेवाला'मध्ये आवाज लांबून जवळ येतो, त्यासाठी लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून गात गात पुढे आल्या होत्या, हे मी सांगितल्यावर त्यांनी ते गाणं तीनदा ऐकलं.

तर मला हवंय ते असं:

मतकरी-धारपांनंतरच्या लेखकांच्या, मोठ्यानं वाचायला चांगल्या कथा. हृषीकेश गुप्तेंचं 'अंधारवारी' आणून ठेवलंय, त्यातली पहिल्यांदा कुठली घेऊ?

कुठल्याही भाषेतले, आवाजावर चालणारे भयपट. हिंदी अण्णांना नीट कळतं, इतर भाषांतलं मी सांगेन.

आकाशवाणीवरच्या जुन्या गूढ श्रुतिका कुठे ऐकायला मिळतात का? सांगली केंद्रावर लागायच्या त्या अण्णांना अजून आठवतात.

आणखी एक. माझी सातवीतली भाची दाराआड बसून ऐकते हे मला परवा कळलं. तिला आत बोलवायचं आहे. तेव्हा जे सुचवाल त्यापुढे ते बारा वर्षांच्या मुलीसमोर वाचता येईल की नाही, एवढं जरूर लिहा. शनिवारी वाचनालयात जाणार आहे, त्याआधी चार नावं मिळाली तर फार बरं होईल.