तपासणी अहवालांची चार टप्प्यांची मंजुरी ईआरपीनेक्स्टमध्ये कशी बसवावी?

पाळीप्रमुख_बुटीबोरी

नमस्कार. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसर, हॉइस्ट आणि बॉयलर यांच्या रोजच्या तपासणीचे अहवाल आजवर वहीत लिहिले जात असत. आता ते ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले जावेत असे ठरले असून, त्यासाठी मी स्वतंत्र डॉकटाइप (नोंदीचा नमुना) तयार केला आणि त्यावर वर्कफ्लो (मंजुरीचा क्रम) लावला. पाळी पर्यवेक्षकाने अहवाल तयार करावा, मग तो देखभाल विभागप्रमुख, सुरक्षा अधिकारी आणि शेवटी कारखाना व्यवस्थापक यांच्याकडे जावा, असा क्रम आहे.

अडचणी तीन आहेत. सुरक्षा अधिकाऱ्यांना अहवाल पर्यवेक्षकाकडे परत पाठवता यावा म्हणून मी वर्कफ्लोमध्ये तशी ओळ घातली, तर सबमिट झालेला दस्तऐवज पुन्हा मसुद्यात नेता येत नाही असे सांगून वर्कफ्लो सेव्हच होत नाही. दुसरे म्हणजे यांत्रिक, विद्युत आणि युटिलिटी असे आमचे तीन विभागप्रमुख आहेत. तिघांचा रोल (अधिकारांचा गट) एकच असल्यामुळे कोणीही कोणाच्याही विभागाचा अहवाल मंजूर करू शकतो आणि प्रत्येक अहवालाची मेल तिघांनाही जाते. तिसरी अडचण रजेची आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कॉम्प्रेसर रोज कुरकुरतात आणि नेमके त्याच दिवसांत कोणी ना कोणी रजेवर असते. अशा वेळी अहवाल कोणाच्या नावाने पुढे सरकवावा?

मिहानचा_इम्प्लिमेंटर

आपली पहिली अडचण सॉफ्टवेअरची नसून आपण एका रकान्यात भरलेल्या आकड्याची आहे. वर्कफ्लोच्या प्रत्येक स्टेटपुढे, म्हणजे अहवालाच्या स्थितीपुढे, डॉक स्टेटस असतो: 0 म्हणजे मसुदा, 1 म्हणजे सबमिट आणि 2 म्हणजे रद्द. बहुतेक जण ‘विभागप्रमुखांनी मंजूर केले’ या शब्दांना भुलून तिथेच 1 टाकतात, आणि एकदा 1 झालेल्या दस्तऐवजाला 0 वर आणण्याची वाट फ्रॅपेमध्ये (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभे आहे त्या चौकटीत) मुद्दामच ठेवलेली नाही. कारखाना व्यवस्थापकांची मंजुरी मिळेपर्यंतच्या सगळ्या स्टेटना 0 द्या आणि फक्त शेवटच्या ‘अंतिम मंजूर’ला 1 द्या. त्यानंतर मधल्या कोणत्याही टप्प्यावरून अहवाल मागे पाठवता येईल. अंतिम मंजुरीनंतर चूक सापडलीच, तर अहवाल रद्द करून अमेंड करावा लागतो, म्हणजे त्याची सुधारित प्रत काढावी लागते. नव्या अहवालाच्या क्रमांकापुढे -1 लागतो आणि जुना जागेवरच राहतो. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने हेच बरे असते.

परत पाठवलेला अहवाल नेमका कुठे जावा, याचा विचार मात्र नीट करावा. सुरक्षा अधिकाऱ्यांनी परत केलेला अहवाल पर्यवेक्षकाने दुरुस्त करून थेट त्यांच्याकडेच पाठवावा, मध्ये विभागप्रमुख नकोत, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो, कारण त्यात वेळ वाचतो. पण तसे केल्यास विभागप्रमुखांनी ज्या आकड्यांवर मंजुरी दिली ते आकडेच बदललेले असतात आणि मंजुरी मात्र त्यांच्या नावावर तशीच राहते. माझे मत असे की मापने बदलली तर अहवाल पहिल्या पायरीपासूनच चढला पाहिजे. सुरक्षा अधिकाऱ्यांना केवळ शेरा लिहायचा असेल तर मापनांची फील्ड परमिशन लेव्हल 1 वर ठेवून त्या लेव्हलचा लिहिण्याचा अधिकार फक्त पर्यवेक्षकाच्या रोलला द्या, इतरांना वाचण्यापुरता द्या, आणि शेऱ्याचे फील्ड लेव्हल 0 वर राहू द्या. म्हणजे त्यांना शेरा लिहिता येईल आणि आकड्यांना हात लागणार नाही. डॉकटाइपमध्ये ट्रॅक चेंजेस सुरू आहे ना, तेही पाहून घ्या. ते बंद असेल तर कोणी काय बदलले याचा माग उरत नाही.

विभागांसाठी तीन रोल करू नका. तीन विभाग, चार टप्पे आणि प्रत्येकाची परतीची वाट असा ट्रान्झिशनचा (एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या वाटांचा) तक्ता वाढत जातो आणि सहा महिन्यांनी तो तयार करणाऱ्यालाही वाचता येत नाही. त्याऐवजी अहवालात ‘मंजुरी अधिकारी’ हे युजरचे फील्ड ठेवा, विभाग निवडताच ते आपोआप भरले जाईल असे करा, आणि ट्रान्झिशनच्या कंडिशनमध्ये लॉगिन केलेली व्यक्ती आणि या फील्डमधली व्यक्ती एकच असावी अशी अट घाला. रजेचा प्रश्नही यातच सुटतो. विभागाच्या नोंदीत प्रभारी अधिकाऱ्याचे नाव टाकले की नवे अहवाल त्यांच्याकडे जातील. आधीपासून प्रलंबित असलेल्या अहवालांत मात्र नाव हाताने बदलावे लागेल. मूळ अधिकाऱ्याचा पासवर्ड प्रभारी व्यक्तीला देण्याची जी पद्धत सर्रास चालते, ती कृपया टाळा.

आता एक गोष्ट मीच विचारतो. आपल्याकडे अहवाल प्रत्यक्षात टंकतो कोण?

निवृत्त_कक्षाधिकारी

मी संगणकाचा माणूस नाही, परंतु सिव्हिल लाइन्समधल्या एका शासकीय कार्यालयात माझी तीस वर्षे ‘मान्यतेस्तव सादर’ लिहिण्यात गेली, म्हणून दोन शब्द लिहितो.

शासनात 2005 चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. हा अधिनियम आपल्या कारखान्याला लागू नाही, तरी त्यातला विचार घेण्यासारखा आहे, कारण तिथे मुदत सबंध फाइलला नसून ती ज्या मेजावर आहे त्या मेजाला आहे. आपल्या वर्कफ्लोमध्ये कोण मंजूर करणार हे आहे, पण किती वेळात, हे कुठेच दिसत नाही. मुदत ठरलेली नसेल तर चौथ्या टप्प्यावरची व्यक्ती नेहमी तिसऱ्याकडे बोट दाखवते, हा माझा अनुभव आहे.

दुसरे असे की आमच्याकडे टिपणीवर काही अधिकारी फक्त लघुस्वाक्षरी करून फाइल पुढे ढकलत. त्यांनी ती वाचली होती की नाही, हे त्या सहीवरून कधीच कळत नसे. आपले चारही अधिकारी खरोखर काही वेगवेगळे तपासतात का, हे त्यांनाच विचारून पाहावे. व्यवस्थापक फक्त बटण दाबणार असतील तर रोजचा अहवाल सुरक्षा अधिकाऱ्यांपाशी संपवून, मापन मर्यादेबाहेर गेलेले अहवालच वर पाठवणे अधिक योग्य ठरेल.

पाळीप्रमुख_बुटीबोरी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डॉक स्टेटस मी खरोखरच दुसऱ्या स्टेटला 1 दिला होता. तो बदलताच परतीची ओळ सेव्ह झाली.

अहवाल कोण टंकतो या प्रश्नाचा रोख आधी माझ्या ध्यानात आला नाही. पर्यवेक्षक यंत्रापाशी उभा राहून वहीतच लिहितो, कारण तेलकट हातांनी मोबाइल धरता येत नाही. सकाळी पाळी सुटली की डेटा एन्ट्री ऑपरेटर त्या वहीवरून सगळे अहवाल एका बैठकीत भरतो. काल मी तीन आठवड्यांचे अहवाल उघडून पाहिले. प्रत्येकाचा निर्माता म्हणून त्या ऑपरेटरचाच आयडी आहे. त्यातला एक अहवाल रात्रपाळीचा आहे. ज्यांनी कॉम्प्रेसरचा दाब वहीत नोंदवला, तेच त्या आठवड्यात प्रभारी विभागप्रमुख होते आणि मंजुरीही त्यांचीच आहे. स्वतःच्या अहवालाला स्वतः मंजुरी देण्याची मुभा मी काढून टाकलेली होती, तरीही हे कसे झाले?

मिहानचा_इम्प्लिमेंटर

माझा रोख तोच होता. ट्रान्झिशनमधली ‘सेल्फ अप्रूव्हल’ची खूण काढल्यावर सॉफ्टवेअर फक्त एवढेच पाहते की मंजुरी देणारा आणि दस्तऐवज तयार करणारा युजर एकच आहे का. तपासणी कोणी केली, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडे निर्माता ऑपरेटर असल्यामुळे पर्यवेक्षक त्या चाळणीतून सरळ निसटला. ‘तपासणी करणारा’ हे वेगळे फील्ड सक्तीचे करा आणि प्रत्येक मंजुरीच्या कंडिशनमध्ये लॉगिन केलेली व्यक्ती ही त्या फील्डमधली व्यक्ती नसावी, अशी अट वाढवा. आणखी एक सावधगिरी: ॲडमिनिस्ट्रेटर या खात्याला सेल्फ अप्रूव्हलची बंदी लागू होत नाही, त्यामुळे त्या खात्याने रोजची कामे करणे बंद करावे.

कक्षाधिकारी साहेबांची मुदतीची सूचना बसवण्यासाठी अहवाल त्या टप्प्यावर कधी पोहोचला याची तारीख एका फील्डमध्ये नोंदवा, आणि त्या तारखेनंतर ठरावीक दिवसांनी जाणारे नोटिफिकेशन लावा. टप्पे कमी करण्याबद्दल त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मापन मर्यादेत असेल तर सुरक्षा अधिकाऱ्यांकडून थेट ‘अंतिम मंजूर’, नसेल तर व्यवस्थापकांकडे, अशा दोन ट्रान्झिशन दोन कंडिशन देऊन करता येतात. फक्त दोन्ही अटी मिळून एकही आकडा सुटणार नाही याची खात्री करा. मर्यादा 8 असेल आणि एका अटीत ‘8 पेक्षा कमी’, दुसरीत ‘8 पेक्षा जास्त’ असे लिहिले, तर बरोबर 8 चा अहवाल कोणालाच पुढे पाठवता येत नाही आणि बटणच दिसत नाही म्हणून लोक आम्हाला फोन करतात.

हिंगणा_सेफ्टी

एक भर घालतो. याच डॉकटाइपमध्ये अपघाताचे अहवालही घेण्याचा विचार असेल तर ते कृपया या साखळीत घालू नका. अपघाताची सूचना कायद्याने ठरवलेल्या मुदतीत संबंधित यंत्रणेकडे जावी लागते आणि विभागप्रमुखांची मंजुरी राहिली होती, हे कारण तिथे चालत नाही. आम्ही अपघाताची प्राथमिक नोंद मंजुरीविना, सेव्ह करताच व्यवस्थापक आणि सुरक्षा अधिकारी या दोघांना एकाच वेळी जाईल अशी ठेवली आहे. कारणमीमांसेचा सविस्तर अहवाल त्या नोंदीला जोडलेला पण वेगळा असतो आणि टप्प्याटप्प्याची मंजुरी फक्त त्यालाच लागते.

पाळीप्रमुख_बुटीबोरी

अपघाताचे अहवाल पुढच्या महिन्यात याच वर्कफ्लोमध्ये घेण्याचे ठरले होते. तो बेत आज रहित करून वेगळा डॉकटाइप करायला घेतला आहे. ‘तपासणी करणारा’ या फील्डची अट चाचणीच्या साइटवर लावून पाहिली. रात्रपाळीचा तो अहवाल त्याच आयडीने उघडल्यावर आता मंजुरीचे बटण दिसत नाही.