लाडूच्या टाकीखालची हीट मॅट ४९ अंशांवर गेली. आता काय काय बदलू?

शिराळ्याची_लेक (एडमंटन)

नमस्कार मंडळी. मुलगा सप्टेंबरात शिकायला टोरोंटोला गेला आणि जाताना त्याचा साप माझ्या गळ्यात मारून गेला. (गळ्यात म्हणजे खरोखर गळ्यात नव्हे, अजून तेवढी वेळ आलेली नाही.) बॉल पायथन आहे (अजगराची एक छोटी, बिनविषारी जात), नर, चार वर्षांचा, साडेतीन फूट, वजन सुमारे १४०० ग्रॅम. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो, म्हणून नाव लाडू.

माझं माहेर बत्तीस शिराळा. पंचमीच्या आधी पकडून आणलेले नाग गाडग्यात ठेवलेले असायचे, ते बघत मोठी झाले. कोर्टाने ते बंद केलं, बरंच केलं. सांगायचं एवढंच की सापाची मला भीती नाही. भीती वायरींची आहे. आणि आमचे मिस्टर नेमके उलटे, वायरी हौसेने उघडतील पण लाडू आल्यापासून तळघराच्या पायऱ्या उतरत नाहीत.

तर काचेची चार फुटी टाकी तळघरात लाकडी टेबलावर आहे. एका टोकाला काचेच्या खालून चिकटवलेली हीट मॅट, तिला थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या आकड्यावर धरणारा डबा), ३२ वर लावलेला. वरच्या जाळीवर एक सिरॅमिक हीटर, तो मुलाने नुसत्या टायमरवर ठेवलाय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डात.

रविवारी साफसफाईला मी टाकी चार बोटं सरकवली. मॅट आणि काच यांच्यामध्ये चिकटपट्टीने लावलेला थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) त्यात निसटला आणि टेबलामागे लोंबत राहिला. मला पत्ताच नाही. बाहेर उणे तीस, तळघरात जेमतेम १७. डब्यावर १७ दिसत होतं, मला वाटलं डबा बिघडला, उद्या मुलाला फोन करू. सोमवारी संध्याकाळी खाली गेले तर तापलेल्या लाकडाचा वास. काचेखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. स्वयंपाकघरातली टेंपरेचर गन आणून टाकीच्या आतल्या तळावर रोखली तर ४९!

लाडू बरोब्बर त्याच्यावर, आपल्या गुहेत, वेटोळं घालून शांत. उचलून पाहिलं तर पोटाचे चार-पाच खवले गुलाबी झालेले. फोड नाहीत. मॅट बंद केली आहे, सध्या फक्त वरचा सिरॅमिक हीटर चालू आहे.

चटका बसत असताना हा बाजूला का नाही झाला? मॅट काढून टाकू का? आणि रात्री वीज गेली तर काय करायचं? मुलाला अजून सांगितलेलं नाही, परीक्षा आहे.

वायरमन_लेस्टर

ताई, तुमचा थर्मोस्टॅट बिघडला नव्हता, तो इमानदारीने काम करत होता. प्रोबला १७ लागले, त्याला सांगितलेत ३२, म्हणून त्याने मॅटला वीज देणं थांबवलंच नाही. प्रोब निसटला की साधा थर्मोस्टॅट नेहमी गरम करण्याच्याच बाजूने चुकतो. म्हणून चिकटपट्टीवर भरवसा नको. काचेच्या बाहेरच्या अंगाला प्रोब हॉट ग्लूने बसवा, वायर टेबलाच्या पायाला क्लिपने अडकवा, म्हणजे ओढ बसली तर क्लिपवर बसेल. टाकीच्या आत मात्र चिकटपट्टी अजिबात नको. सापाच्या अंगाला चिकटली की सोडवताना कातडी येते.

दुसरं, जो यंत्र चालवतो त्यालाच साक्षीला उभं करू नका. वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याचा प्रोब आत, गरम बाजूच्या तळावर. प्रोब काचेखाली असला की आतला आकडा थोडा कमी येतो, त्यामुळे आत ३२ हवे असतील तर डब्यावर कदाचित ३४ लावावे लागतील. ते अंदाजाने नाही, मोजून ठरवा. गनने मोजताना झाकण उघडा. काचेतून रोखली तर ती काचेचंच तापमान सांगते.

टेबल आणि टाकी यांच्यामध्ये रबराचे पाय आहेत का? नसतील तर लावा. मॅटची खालची उष्णता कोंडते, तो लाकडाचा वास त्याचाच. आत भुसा जाड टाकलात तरी तेच, उष्णता वर जात नाही आणि खाली साठते. काच तडकलेली मी पाहिली आहे.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. मॅटच्या आधी तो टायमरवरचा सिरॅमिक बंद करा. तुम्ही मॅट बंद करून जास्त धोक्याची वस्तू चालू ठेवली आहे. त्याला उजेड नसतो, चालू आहे की नाही हे बघून कळत नाही आणि त्याचा पृष्ठभाग हात भाजण्याइतका तापतो. टायमर वेळ मोजतो, ताप नाही. त्याला पल्सवाला (वीज थोडी थोडी, तुकड्यातुकड्याने सोडणारा) थर्मोस्टॅट लागतो, होल्डर चिनी मातीचा लागतो (प्लॅस्टिकचा वितळतो), आणि कधी टाकीच्या आत बसवलात तर भोवती पिंजरा लागतो, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो. हीटर एक्स्टेंशनवर नको, सरळ भिंतीत. वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, पाणी ओघळलं तर खालीच टपकेल.

कार्पेटवाली_मेलबर्न

वायरमनदादांचं सगळं करा, पण आधी सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा, आजच. भाजल्याच्या खुणा सापात हळूहळू वर येतात. आज गुलाबी दिसतंय ते आठवड्याने तपकिरी होऊन सुटू शकतं. तोवर भुसा काढून नुसते पांढरे पेपर टॉवेल अंथरा, रोज बदला. घरातलं कुठलंही मलम, कोरफड, हळद काही लावू नका. माझ्या सासूबाई हळद घेऊन उभ्याच होत्या.

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात परदेशी साप पाळता येत नाहीत, माझ्याकडे परवान्यावर इथलाच कार्पेट पायथन आहे. त्याला पहिल्याच वर्षी अस्संच झालं होतं, म्हणून हात शिवशिवले.

बाजूला का नाही झाला? उन्हात तापलेला साप सावलीत सरकतो, वरून येणारी उष्णता त्याला कळते. पोटाखालून हळूहळू चढणारा चटका मात्र त्याला बहुधा धड उमगत नाही, कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय तुमचा लाडू बॉल पायथन. हे पश्चिम आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिनकडचे. उंदरांच्या बिळात, वारुळात दडून बसणारे. त्यांना ऊब हवी असते पण त्याहून जास्त लपायला हवं असतं. एक विचारते, गार बाजूला दुसरी गुहा आहे का? नसेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, भाजून घ्या नाहीतर उघड्यावर बसा. त्याने भाजून घेतलं.

गार बाजू २४ ते २६, गरम बाजू ३१ ते ३३, आणि दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल अशी गुहा.

पुणेकर_९८

विषयांतराबद्दल माफी. बंगल्याच्या कंपाउंडात धामण सापडली आहे, बादलीत झाकून ठेवली आहे. काचेची टाकी आणि ६० वॉटचा बल्ब असेल तर थंडीत चालेल का?

वायरमन_लेस्टर

बल्बचं नंतर बघू. धामण पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बादली हलवू नका, उचलून नेऊ नका, सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा. ती सोडली तर तुमच्या कंपाउंडातले उंदीर फुकटात जातील.

पुणेकर_९८

फोन केला. येतायत. आई म्हणते उंदरांसाठी तरी राहू द्यायची होती.

शिराळ्याची_लेक (एडमंटन)

सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगते. मेलबर्नताई, तुमचं खरं निघालं, दुसरी गुहा नव्हतीच. मुलाने एकच ठेवली होती, टाकी रिकामी छान दिसते म्हणून. तूर्त बुटांचं खोकं कापून गार बाजूला ठेवलंय. लाडू पहिल्या रात्रीच त्यात गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. मला इतकं अपराधी वाटलं की काय सांगू.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, भाजणं वरवरचं आहे. मलम त्यांनीच दिलं, पुढची कात टाकेपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं. जखम आहे आणि तापमान नीट बसलेलं नाही तोवर उंदीर द्यायचा नाही, कारण गार पडलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही, ओकून टाकतो. तीन आठवडे उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही म्हणाल्या. हे मला पचायला जड गेलं, आपल्या घरात कुणी एक वेळ जेवलं नाही तरी मी दहादा विचारते.

सिरॅमिक आता स्वतःच्या थर्मोस्टॅटवर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, भिंतीतल्या प्लगवर. मॅटचा प्रोब ग्लूने बसवला, क्लिपही मारली. डब्यावर ३५ लावल्यावर आत ३२ येतात, दोन दिवस मोजून बघितलं. रबराचे पाय लावल्यावर टेबलाचा वास गेला.

वीज जाण्याची रंगीत तालीम शनिवारी घेतली. थर्माकोलचं मासळीचं खोकं, झाकणाला चार भोकं, आत जुना सुती अभ्रा, त्यात लाडू, तोंडाला गाठ. शेजारी गरम पाण्याची रबरी पिशवी, टॉवेलात दोनदा गुंडाळून, अभ्र्याला टेकणार नाही अशी. दोन तासांनी आत २७ होते. अभ्र्याची गाठ मारताना मला शिराळ्याच्या गाडग्यांची तोंडं बांधलेली फडकी आठवली.

मुलाला सांगितलं. तो रडला, मग म्हणाला आई, त्या सिरॅमिकचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानात टायमरच दिला होता म्हणे.

आणि मिस्टर. रात्री अकराला तापमान बघायची पाळी त्यांनी आपणहून घेतली आहे. तिसऱ्या पायरीवर उभे राहून बंद टाकीवर गन रोखतात आणि "एकवीस! ठीक आहे!" असं ओरडून वर पळतात. तो आकडा लाडूचा नाही, काचेचा आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते झोपले की मी खाली जाऊन झाकण उघडून मोजते.