तलंगा, कोंबडा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच खुराड्यात: खाद्य कोणतं घालायचं?

मखमलाबाद_मळा
नाशिकजवळ मखमलाबादला ६ गावरान कोंबड्या अंड्यावर, १ कोंबडा आणि साडेतीन महिन्यांच्या ५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आहेत. दिवसभर मोकळ्या, रात्री खुराड्यात. सकाळी बाजरी आणि तांदळाची कणी मिळून किलोभर टाकतो. दुपारी घरातलं उरलेलं: भाकरी, भात, भाजीचे देठ, कांद्याची सालं. अंड्याचं कवच इतकं पातळ झालंय की उचलताना बोट आत जातं. दोन कोंबड्या इतरांच्या शेपटीची पिसं उपटून खातात. दुकानदार म्हणतो, लेयर मॅश घाला सगळ्यांना. घालू का, की घरीच खाद्य बनवू?

पेंड_आणि_कोंडा
सगळ्यांना लेयर मॅश अजिबात नको. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, ते अंडी देणाऱ्या कोंबडीच्या हिशोबाने. तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर पडतं, तिथे पांढरे युरेट (लघवीतले क्षार) साचतात आणि वरून धडधाकट दिसणारी तलंग एक दिवस मेलेली सापडते. कोंबड्यालाही त्याची गरज नाही.

मिश्र खुराड्यासाठी सोपा मार्ग असा: सगळ्यांना १६ टक्के प्रथिनांचा ग्रोअर मॅश (वाढत्या पक्ष्यांचं तयार खाद्य), आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम भरलेला. अंड्यावरची कोंबडी हवा तेवढा उचलते, तलंगा दोन-चार चोची मारून निघून जातात. चुरा खाद्यात मिसळू नका, मिसळला की निवड संपली.

आता तुमचं सध्याचं गणित बघा. किलोभर दाणा बारा तोंडांत म्हणजे प्रत्येकी ८३ ग्रॅम. बाजरीत ११ टक्के प्रथिनं, कणीत सात-आठ. म्हणजे पोटात गेली जेमतेम ८ ग्रॅम, आणि एका अंड्यातच ६ ग्रॅमच्या आसपास बाहेर जातात. कॅल्शियमची गत त्याहून वाईट. एका कवचाला साधारण २ ग्रॅम लागतं, तर १०० ग्रॅम बाजरीत ते ग्रॅमचा विसावा भागही नसतं. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. पिसं खाण्याचं मूळही बहुतेक इथेच आहे, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. मात्र त्याआधी रात्री बॅटरी घेऊन पिसांच्या मुळाशी उवा-गोचीड बघून घ्या. खुराड्यात दाटी असली तरीही हेच होतं.

शिंपला_चुरा
वरच्याला जोड. चुरा २ ते ४ मिलिमीटरचा घ्या, भुकटी नको. कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा कोंबडी काही खात नसते. जाड तुकडे पेट्यात (कलेजी-पेट्यातला तोच) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, भुकटी तासाभरात पुढे सरकते. म्हणून दुपारी चारनंतर भांडं भरलेलं आहे ना, हे बघायचं.

घरची अंड्याची टरफलं चालतील, पण तव्यावर कडक भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून. अर्धी टरफलं तशीच टाकलीत तर घरट्यातली अंडी फोडायची सवय लागते, आणि ती मोडणं फार कठीण. भिंतीला किंवा पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही नको, तो चोच-घसा भाजतो.

भरडा_१०_किलो
घरी बनवायचं तर याच मिश्र खुराड्यासाठी १० किलोचं प्रमाण: मक्याचा भरडा ६ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पूड) १५० ग्रॅम, चुनखडी भुकटी १०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, मिथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) १० ग्रॅम, शिवाय व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स पाकिटावर लिहिलंय तेवढं. प्रथिनं १६ टक्क्यांच्या थोडी वर बसतात. शिंपला अर्थात वेगळा.

लोक चुकतात ते मिसळताना. दहा ग्रॅमची पूड थेट दहा किलोत टाकली की एकीच्या वाट्याला सगळी येते, दुसरीला काहीच नाही. आधी पूड मूठभर भरड्यात, ती अर्ध्या किलोत, मग सगळ्यात. सोयाबीन पेंडच घ्या, कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. शेंगदाणा पेंडीला जरासा खवट वास आला तरी परत करा, बुरशीचं विष यकृतावर जातं. सरकी पेंडीने अंड्याचा बलक काळपट-हिरवट पडतो. सुकट घालायची तर मीठ निम्मं करा, नाहीतर विष्ठा पातळ होते.

निम्म्या मक्याऐवजी बाजरी चालते. फक्त बलक फिका पडेल, त्यावर रोज मूठभर लसूणघास.

माझं मत विचाराल तर बारा पक्ष्यांना तयार ग्रोअरच परवडतो. प्रत्येकी शंभर-एकशेदहा ग्रॅम धरले तर ५० किलोची गोणी ३८ ते ४२ दिवस जाते. त्याहून जास्त दिवस ठेवू नका. पावसाळ्यात गोणी जमिनीवर नको, लाकडी फळीवर.

मखमलाबाद_मळा
मग घरातलं उरलेलं बंद? आणि कांद्याची सालं? आमच्याकडे त्याचा ढीग असतो.

पेंड_आणि_कोंडा
कांदा बंदच. साल, पात, सडका, सगळाच. तांबड्या रक्तपेशी फुटतात, तुरा फिका पडत जातो. हिरवट बटाट्याची सालं, कच्चा राजमा आणि बुरशी आलेली भाकरी हेही त्याच यादीत. बागेतली गळकी द्राक्षं गोड म्हणून घालतात, पण फवारणी किती दिवसांपूर्वीची ते माहीत नसेल तर नको.

बाकी भात-भाकरी रोजच्या खाद्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे बारा जणांत अर्धा पाव उणापुरा. तोही संध्याकाळी, मॅश खाऊन झाल्यावर. सकाळी दिलात तर पोट भाताने भरतं. झोपायच्या वेळी गळ्याखालची पोटळी चाचपून बघा: भरलेली, पण दाबल्यावर कणकेसारखी दबणारी हवी. सकाळी रिकामी. सकाळीही टणक लागली तर आत काहीतरी तटलंय.

बदल एकदम करू नका, दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा जुना दाणा कमी करत मॅश वाढवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकतात, तेव्हा शिंपला असूनही कवच पातळ होतं. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, पाणी सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं.

शिंपला_चुरा
दोन-तीन आठवडे शिंपला खाऊनही कवच सुरकुतलेलं किंवा वाकडंच येत असेल, बरोबर शिंका किंवा घरघर असेल, तर खाद्य बदलत बसू नका. ती आयबीची (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा श्वासाचा विषाणूजन्य रोग) लक्षणं असू शकतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.