एनसी म्हणते 'सक्सीडेड', पण सर्व्हरला घंटा काही पोचत नाही

कूलरवाला_मानेवाडा:
भाऊ लोक, दोन दिवसांपासून डोकं आउट होऊन राहिलं. गच्चीवरच्या कूलरच्या टाकीत पाणी किती उरलं ते मोजायला सेन्सर लावला, तो रास्पबेरी पायला (छोटासा कॉम्प्युटर) जोडला आणि पायवर पायथनमध्ये छोटासा यूडीपी (नेटवर्कवर डेटा पाठवायची एक पद्धत) सर्व्हर लिहिला, पोर्ट ९०००. 'लेव्हल' पाठवलं की किती सेंटीमीटर पाणी आहे ते उत्तर येते. मे महिन्यात ४५ डिग्रीत टाकी बघायला कोण वर चढणार बाप्पा.

पायवरच बसून टेस्ट केलं तर बरोबर चालते. खाली लॅपटॉपवरून (उबुंटू आहे) आधी टेलनेट (दुसऱ्या मशीनच्या पोर्टला जोडून बघायची जुनी कमांड) मारलं, लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड. मग कोणीतरी सांगितलं म्हणून नेटकॅट (एनसी, नेटवर्कवरून डेटा पाठवून बघायची कमांड) घेऊन एनसी -व्हीझेडयू १९२.१६८.१.४० ९००० केलं तर सक्सीडेड म्हणते, पण सर्व्हरच्या स्क्रीनवर काहीच नाही. आणि खरी गंमत म्हणजे सर्व्हर बंद करून मारलं तरी सक्सीडेडच! काहून असं?

सदर_टर्मिनल:
टेलनेट विसर, ते टीसीपी (आधी कनेक्शन जोडून मग डेटा पाठवायची पद्धत) बोलते, तुझा सर्व्हर यूडीपी. आणि यूडीपीत कनेक्शन नावाची भानगडच नाही, १९८० चं आरएफसी ७६८ (यूडीपीचे नियम लिहिलेला कागद) उघडून बघ, तीन पानांत संपते, हँडशेकचा (आधी हो-ना करून जोडणी ठरवायचा) एक शब्द नाही त्यात. एनसी दोनचार पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) फेकते, समोरून 'पोर्ट अनरीचेबल' असा आयसीएमपी (नेटवर्कमधली चूक कळवणारा) निरोप आला नाही तर खुशाल सक्सीडेड छापते. पत्र डब्यात टाकलं, परत आलं नाही, म्हणजे पोचलंच असेल, असा हिशोब.

पण तुझ्या केसमध्ये मजा वेगळी आहे. सर्व्हर बंद असताना पायच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) तो निरोप धाडायला पाहिजे होता, तोही आला नाही, म्हणजे मधात कोणीतरी गुपचूप गिळून राहिलं. यूएफडब्ल्यू (लिनक्सची फायरवॉल, नको ती पाकिटं अडवणारी) चालू आहे का पायवर? पायवर सुडो टीसीपीडम्प -एन -आय एनी यूडीपी पोर्ट ९००० (मशीनवर येणारी पाकिटं दाखवते) लावून ठेव आणि लॅपटॉपवरून काहीतरी पाठव. तिथे पाकीट दिसलं अन् प्रोग्रामला मिळालं नाही तर बहुतेक फायरवॉलच.

कूलरवाला_मानेवाडा:
दादा मानलं तुम्हाला. टीसीपीडम्पमध्ये पाकिटं धडाधड दिसली. यूएफडब्ल्यूचं स्टेटस काढलं तर मीच महिन्याभरापूर्वी ९०००/टीसीपी अलाऊ करून ठेवलं होतं 🤦 म्हणूनच टेलनेटला निदान रिफ्यूज्ड तरी मिळत होतं. आता सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ९०००/यूडीपी केलं, पोचून राहिलं.

पण आता नवीनच. एनसी -यूव्ही ने जोडलं की मी काही टाइप करायच्या आधीच सर्व्हरवर एक्स, एक्स, एक्स येते. आणि 'लेव्हल' टाकलं तर माझाच सर्व्हर म्हणतो अनोळखी कमांड.

सदर_टर्मिनल:
ते एक्स एनसीचेच, -व्ही दिलं की चाचपायला पाठवते. -व्ही काढ.

संत्रा_शेल:
मधात बोलतो. अनोळखी कमांडचं कारण एंटर. तू 'लेव्हल' लिहून एंटर दाबला की पाकिटात नवी ओळ पण चिकटून जाते, आणि तुझा कोड हुबेहूब 'लेव्हल'शी तुलना करत असेल. सर्व्हरमध्ये डेटा.स्ट्रिप() कर, किंवा बिनएंटरचं पाठव:

प्रिंटएफ 'लेव्हल' | एनसी -यू -डब्ल्यू१ १९२.१६८.१.४० ९०००

-डब्ल्यू१ (एक सेकंद काही आलं नाही तर बंद हो) नाही दिलं तर उत्तर आल्यावरही एनसी तशीच बसून राहते, कारण यूडीपीत समोरचा 'संपलं' सांगतच नाही.

अजून एक, पुढे कधी एनसी -यूएल ने नकली सर्व्हर बनवशील तर लक्षात ठेव, पहिल्या पाकिटाचा आयपी-पोर्ट पकडून ती त्यालाच चिकटते. क्लायंट बंद करून पुन्हा सुरू केला की त्याचा सोर्स पोर्ट बदलते आणि मग ऐकूच येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ गेली यात, राउटर पण बदलणार होतो.

कूलरवाला_मानेवाडा:
दोन्ही केलं, स्ट्रिप पण आणि प्रिंटएफ पण. उत्तर आलं: ७. म्हणजे टाकीत सात सेंटीमीटर पाणी, पंप आता सुकाच फिरणार. चाललो वर बादली घेऊन.