लॉर्ड कर्झनची कीव करायची का?

निवांत:
व्हाइसरॉय कर्झन म्हटलं की आपल्याला १९०५ची बंगालची फाळणी आठवते आणि विषय संपतो. पण घर बघा त्याचं. डर्बीशरच्या केडलस्टन हॉलमध्ये जन्म, बाप सरदार आणि वर पाद्री, पोरं सगळी मिस पॅरामन नावाच्या गव्हर्नेसच्या ताब्यात. तिने एकदा त्याच्याकडूनच बटलरला चिठ्ठी लिहून घेतली: मला मारायला छडी करून द्या, आणि ही चिठ्ठी नोकरांसमोर वाचून दाखवा! पुढे पाठीचं दुखणं, अंगाला पोलादी पट्टा. बायको मेरी १९०६ साली छत्तिशीत गेली, मागे तीन मुली. असा माणूस ताठर होणारच.

फटकळ_मावशी:
अहो, छडी खाल्लेली पोरं लाखांनी असतात, ती काय प्रांत तोडत सुटतात? १९००च्या दुष्काळात सढळ मदत केली तर लोकांचा स्वावलंबीपणा जाईल म्हणणारा हाच. आणि १९०३च्या दिल्ली दरबारात मेरीबाईंचा मोरपिशी झगा! जरीकाम आपल्या कारागिरांचं, पिसाच्या प्रत्येक डोळ्यात हिरव्या किड्याचा पंख टाचलेला. काँग्रेसच्या बनारस अधिवेशनात त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी झाली. ती टिळकांनी नाही, मवाळ गोखल्यांनी केली.

निवांत:
त्याच भाषणात गोखल्यांनी त्याची बुद्धी आणि कामाचा झपाटाही मान्य केलाय. अर्धंच का सांगता? १९०४चा प्राचीन स्मारकांचा कायदाही त्याच्याच काळातला.

जुनी_बाकी:
स्मारकं राहू द्या, घराचं काढलंत तर पैशाचंही बोला. मेरी म्हणजे शिकागोच्या लीटर शेठची मुलगी. साहेबांचा थाट बराचसा सासऱ्याच्या डॉलरवर. मुली सज्ञान होऊन आजोबांच्या पैशातला आपला वाटा मागू लागल्या, तर थोरल्या आयरीनशी बापाचं फाटलं. आपल्याकडे बांधावरून भाऊ भांडतात, इथे बाप लेकीशी.

फटकळ_मावशी:
आणि हाच बायकांच्या मताधिकाराविरुद्धच्या लीगचा अध्यक्ष! मधली सिंथिया १९२९ला मजूर पक्षाची खासदार झाली, आयरीन १९५८ला लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, बसली. बघायला हवा होता हो तो.

निवांत:
१९१८ला बायकांच्या मताधिकाराचं विधेयक लॉर्ड्समध्ये आलं तेव्हा त्याने विरोधात मत दिलं नाही.

जुनी_बाकी:
बाजूनेही नाही दिलं. सिंथियाचा नवरा मात्र विसरू नका, ऑस्वल्ड मोस्ली, पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा म्होरक्या.

निवांत:
जावयाचं पाप सासऱ्याच्या माथी का? तो १९२५लाच गेला. १९२३ साली पंतप्रधानपद आपलंच म्हणून लंडनला आला, तर बाल्डविनची निवड झालेली. मेरीवर मात्र जीव होता, केडलस्टनच्या चर्चमध्ये तिची संगमरवरी मूर्ती करून घेतलीय.

फटकळ_मावशी:
आणि खालच्या, घराण्यातल्यांना पुरायच्या तळघरात? दुसरी बायको ग्रेस तिथे गेली तर एका कोनाड्यात कागद ठेवलेला: 'दुसऱ्या लेडी कर्झनसाठी राखीव'. बाई तेव्हा चांगली धडधाकट होती.